पडद्यावरील शेत

[संगणकाच्या पडद्यावर शेतीचा खेळ खेळणारी कोट्यवधी माणसे आज जगभर आहेत. या खेळात मनाला जी शांती लाभते तिचे मूळ कशात आहे, आणि खऱ्या शेतकऱ्याच्या वाट्याला ती सहजासहजी का येत नाही, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.]

विसावा म्हणजे काम न करणे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु मनुष्यस्वभाव या समजुतीत मावत नाही. दिवसभर कचेरीत कागदांशी आणि आकड्यांशी झुंजून थकलेला एखादा नोकरदार रात्री घरी येतो, जेवण उरकतो आणि संगणकासमोर बसतो. कळ दाबताच पडद्यावर एक चिमुकले शेत उमटते. तेथे नुकतीच सकाळ झालेली असते. हा थकलेला गृहस्थ मग झारी भरून आणतो, एकेका रोपाला पाणी घालतो, तण काढतो, गाईच्या पाठीवरून हात फिरवतो आणि तयार झालेला माल पेटीत नेऊन ठेवतो. म्हणजे एक काम संपवून तो दुसऱ्या कामाला लागलेला असतो. तरीही अर्ध्या तासात त्याच्या कपाळावरील आठ्या मावळतात आणि मन निवांत होते.

नवल असे की, ज्या कष्टांतून सुटण्यासाठी जगातील असंख्य कुटुंबांनी गाव सोडून शहराची वाट धरली, तेच कष्ट त्या कुटुंबांतील नातवंडे आता करमणूक म्हणून पैसे देऊन विकत घेत आहेत. हे कोडे उलगडायचे असेल, तर या खेळांचा जन्म कोठे व कसा झाला हे प्रथम पाहिले पाहिजे.

व्हिडिओ गेम म्हटला की धावपळ, पाठलाग आणि शत्रूचा संहार हेच चित्र पूर्वी डोळ्यांसमोर उभे राहत असे. जपानमधील यासुहिरो वादा या रचनाकारांनी निराळी वाट धरली. वादा यांचे बालपण क्यूशू बेटावरील मियाझाकी या प्रांतात, ग्रामीण परिसरात गेले. तरुणपणी ते टोकियोसारख्या अवाढव्य शहरात आले. खेड्यात असताना ज्या गोष्टींची फारशी किंमत वाटली नव्हती, त्या गोष्टींचे मोल त्यांना शहरात कळू लागले. ज्यात लढाई नाही, कोणाचा पराभव नाही, असा खेळ का असू नये, या विचारातून १९९६ साली 'बोकुजो मोनोगातारी' हा खेळ जन्मास आला. या जपानी नावाचा अर्थ 'कुरणाची गोष्ट' असा होतो. पुढे पाश्चात्त्य देशांत तो 'हार्वेस्ट मून' या नावाने प्रसिद्ध झाला. आजोबांचे पडीक पडलेले शेत एका तरुणाच्या हाती येते आणि अडीच वर्षांत त्याने ते पुन्हा फुलवायचे असते, एवढेच त्याचे कथानक होते. गावापासून दुरावलेल्या माणसाने गावाच्या आठवणीतून उभारलेले हे पहिले शेत होय, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

या खेळाची मोहिनी पडलेल्या मुलांपैकी एक अमेरिकेत वाढत होता. त्याचे नाव एरिक बरोन. वॉशिंग्टन राज्यातील विद्यापीठातून संगणकशास्त्राची पदवी घेऊन २०११ साली ते बाहेर पडले, परंतु मनाजोगी नोकरी मिळेना. हात सरावात राहावा म्हणून त्यांनी आपल्या आवडत्या खेळाच्या धर्तीवर एक नवा खेळ रचावयास घेतला. तोच 'स्टारड्यू व्हॅली' या नावाने २६ फेब्रुवारी २०१६ रोजी प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन महिन्यांत त्याच्या १० लाखांहून अधिक प्रती खपल्या, आणि डिसेंबर २०२४ पर्यंत हा आकडा ४ कोटी १० लाखांवर गेला. या खेळाची घडण जरा बारकाईने पाहिली, म्हणजे त्यातून लाभणाऱ्या शांतीचे रहस्य हाती लागू लागते.

खेळाचा नायक एका बलाढ्य कंपनीच्या कचेरीत, खुराड्यासारख्या कप्प्यात बसून काम करीत असतो. आजोबांनी मृत्युसमयी दिलेले मोहोरबंद पत्र तो एके दिवशी उघडतो. आजोबांनी आपले शेत त्याच्या नावे केलेले असते. नायक गावी येतो. शेत दगडधोंड्यांनी आणि तणाने भरून गेलेले असते. त्याच्याजवळ कुऱ्हाड, कुदळ, टिकाव, विळा आणि झारी एवढीच अवजारे असतात. गावचा प्रमुख त्याला पार्सनिप नावाच्या, पांढऱ्या गाजरासारख्या दिसणाऱ्या कंदाचे १५ बियाणे भेट देतो. येथून शेतीला आरंभ होतो.

या जगातील कालमान फार सुटसुटीत आहे. वर्षाचे ऋतू चार आणि प्रत्येक ऋतूचे दिवस २८. खेळातील एक दिवस आपल्या घड्याळाच्या सुमारे १४ मिनिटांत संपतो. नायक सकाळी सहा वाजता उठतो. त्याच्या अंगी ठरावीक शक्ती असते. कुदळीचा प्रत्येक घाव घालताना आणि झारीने पाणी घालताना ती थोडीथोडी खर्च होते. खाल्ल्याने ती काहीशी भरून येते आणि झोपेने पूर्ववत होते. रात्री दोन वाजेपर्यंत झोपला नाही, तर तो असेल तेथेच कोसळतो. तात्पर्य, दिवसाला शेवट आहे आणि कामाला मर्यादा आहे. रात्री कोणत्याही क्षणी वरिष्ठांचा निरोप येईल, या धास्तीत वावरणाऱ्या आजच्या शहरी माणसाला 'आता आजचे काम संपले' असे कोणीतरी सांगणे, हीच केवढी तरी सुटका वाटते.

दुसरी गोष्ट म्हणजे तेथील कामे लहान आहेत आणि ती डोळ्यांदेखत पुरी होतात. कोरडी माती पाणी घालताच काळसर होते. कोणते रोप राहिले, हे विचारावे लागत नाही. मिहाय चिक्सेंटमिहायी या मानसशास्त्रज्ञांनी मनुष्य कामात पूर्णपणे केव्हा रंगून जातो, याचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि १९९० साली त्यावर प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. उद्दिष्ट स्पष्ट असावे, केलेल्या कृतीचा परिणाम तत्काळ दिसावा, आणि काम आपल्या कुवतीपेक्षा फार सोपे वा फार अवघड नसावे, या गोष्टी जुळून आल्या म्हणजे काळाचे भान हरपते व मन एकाग्र होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. कचेरीतील कागद कोठून आला आणि कोठे गेला, हे पुष्कळदा कोणालाच ठाऊक नसते. शेतातील रोपाची मात्र सारी वाटचाल बी पेरण्यापासून फळ खुडण्यापर्यंत एकाच माणसाच्या डोळ्यांपुढे घडते.

परंतु या शांतीचे सर्वांत खोल मूळ आणखी वेगळ्या ठिकाणी आहे. या खेळात कष्टाला न्याय मिळतो. पार्सनिपचे बी २० नाण्यांना मिळते. पेरल्यावर रोज पाणी घातले, तर ते चार दिवसांत तयार होते. तो साधा कंद पेटीत ठेवला की दुसऱ्या दिवशी सकाळी ३५ नाणी हाती येतात. वसंत ऋतूच्या पहिल्या आठवड्यातही तोच भाव आणि शेवटच्या आठवड्यातही तोच भाव. शंभर कंद एकदम विकले, तरी भाव पडत नाही. एखाद्या दिवशी पाणी घालावयाचे राहिले, तर रोप त्या दिवशी वाढत नाही एवढेच. ते मरत नाही. पाऊस आला की पाणी घालण्याचे काम तेवढे वाचते. घरातील दूरचित्रवाणी उद्याचे हवामान आजच सांगते. ऋतू बदलताच त्या ऋतूचे पीक वाळून जाते हे खरे, पण ऋतू कोणत्या तिथीला बदलणार हे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पाहता येते. कावळे पिकावर उतरतात, पण बुजगावणे उभारले की जवळपास फिरकत नाहीत. गाई म्हाताऱ्या होत नाहीत. जमीन आजोबांची असते आणि तिच्यावर सावकाराचे कर्ज नसते.

मनुष्याला कष्टांचा तिटकारा नाही. वाया जाणाऱ्या कष्टांचा आहे, ही गोष्ट येथे स्पष्ट होते. आपण प्रामाणिकपणे राबलो तर त्याचे फळ आपल्यालाच मिळेल, एवढी खात्री असली की तो रात्री उशिरापर्यंत आनंदाने काल्पनिक तणदेखील उपटत बसतो.

ही खात्री ढळली की त्याच खेळातील शांती कशी ओसरते, याचे उदाहरणही उपलब्ध आहे. जून २००९ मध्ये 'फार्मव्हिल' नावाचा शेतीचा खेळ फेसबुकवर सुरू झाला. २०१० च्या सुमारास तो महिन्याकाठी ८ कोटींहून अधिक लोक खेळत असत. तेथेही नांगरट होती, पेरणी होती, रंगीबेरंगी पिके होती. परंतु तेथील घड्याळ खेळणाऱ्याच्या घड्याळाला बांधलेले होते. पीक तयार झाल्यावर ठरावीक वेळेत कापणी केली नाही, तर ते कोमेजून जाई. स्ट्रॉबेरी लावली की चार तासांनी परत येणे आले. जेवताना, काम करताना, झोपेतून उठताच माणसे आपल्या पिकाची काळजी करू लागली. शेजाऱ्यांकडे वस्तू मागण्याचे आणि देण्याचे निरोप अखंड चालत. थांबावयाचे नसेल, तर पैसे मोजण्याची सोय होतीच. हा खेळ ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद पडला. बरोन यांच्या खेळात, उलटपक्षी, खेळणारा उठून गेला की तेथील सूर्यही जागच्या जागी थांबतो. आठ दिवसांनी परत या, वर्षाने परत या; शेत तसेच वाट पाहत असते. जे शेत माणसाची वाट पाहते ते विसावा देते, आणि जे माणसाला वेठीस धरते ते त्याचा विसावा हिरावून घेते.

अर्थात हा दोष सर्वस्वी खेळाचाच असतो असे नाही. शांततेसाठी आलेली कित्येक माणसे काही दिवसांनी कोणत्या पिकात किती नफा, याची कोष्टके मांडू लागतात. फुलांच्या जागी केवळ महागडी पिके येतात, गावातील शेजाऱ्यांशी बोलावयास सवड उरत नाही, आणि ज्या कचेरीतून नायक पळून आला होता तीच कचेरी शेताच्या बांधावर येऊन बसते. याहून गंभीर गोष्ट म्हणजे खेळाचा अतिरेक. खेळावरील ताबा सुटून रोजचे जीवन विस्कटू लागणे हा विकार होय, असे जागतिक आरोग्य संघटनेने मानले असून, २०१९ साली स्वीकारलेल्या रोगांच्या वर्गीकरणात त्याचा समावेश केला आहे. विसाव्याच्या ओसरीवर थोडा वेळ टेकावे; तेथेच बिऱ्हाड थाटू नये.

येथवर पडद्यावरील शेताचा विचार झाला. आता उंबरठ्याबाहेरील शेताकडे वळले पाहिजे. महाराष्ट्रातील बहुतांश शेती आजही पावसाच्या भरवशावर चालते. पेरणी केल्यावर पावसाने पंधरा दिवस ओढ दिली, तर दुबार पेरणीचे संकट उभे राहते. पीक हाताशी आले असता अवकाळी पाऊस किंवा गारपीट होते. नाशिक जिल्ह्यातील लासलगावची बाजारपेठ कांद्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे; परंतु कांदा भरून घराबाहेर पडलेल्या शेतकऱ्याला त्या दिवशी काय भाव मिळेल, हे तो बाजारात पोहोचेपर्यंत ठाऊक नसते. पीक बुडाले तर हाती काही लागत नाही, आणि सर्वांचेच पीक उदंड आले तर भाव कोसळतो. खेळातील शेतातून ज्या गोष्टी काळजीपूर्वक वगळल्या आहेत, नेमक्या त्याच गोष्टी खऱ्या शेतकऱ्याची झोप उडवतात. म्हणून पडद्यावरच्या शेतात लाभलेली शांती हीच शेतकऱ्याच्या जीवनाची शांती, असे कोणी समजेल, तर तो मोठा भ्रम ठरेल.

असा भ्रम इतिहासात पूर्वीही झालेला आहे. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिला राजदरबारातील रीतिभाती नकोशा झाल्या, तेव्हा १७८३ सालापासून व्हर्सायच्या उद्यानात तिच्यासाठी एक छोटेखानी खेडे उभारण्यात आले. तळ्याकाठी गवताने शाकारलेली घरे, पाणचक्की, दुग्धशाळा आणि गाईगुरांसह एक शेतही तेथे होते. राणीला त्या खेड्यात मोठा निवांतपणा लाभत असे. परंतु त्याच देशातील खऱ्या खेड्यांत १७८८ साली गारपिटीने उभे पीक झोडपले गेले आणि पुढील वर्षी पावाचे भाव गगनाला भिडले. ऑक्टोबर १७८९ मध्ये पॅरिसमधील हजारो स्त्रिया भाकरीची मागणी करीत व्हर्सायवर चालून आल्या. राणीचा अपराध खेडे आवडण्यात नव्हता. मनाला विसावा देणाऱ्या त्या खेड्यापलीकडील खरे खेडे तिने डोळे उघडून पाहिले नाही, हे तिचे दुर्दैव होय.

मग पडद्यावरील शेत लटके म्हणून टाकून द्यावे काय? तसे करण्याचे कारण नाही. स्वित्झर्लंडमधील एका कंपनीने २००८ सालापासून 'फार्मिंग सिम्युलेटर' या नावाने शेतीचे खेळ काढले आहेत. त्यात खऱ्या कारखान्यांच्या ट्रॅक्टरांच्या आणि मळणीयंत्रांच्या हुबेहूब प्रतिकृती चालवता येतात. युरोप-अमेरिकेतील पुष्कळ शेतकरी दिवसभर शेतात राबून आल्यावर रात्री हाच खेळ खेळतात. खऱ्या शेताची कटकट माहीत असलेल्या माणसालादेखील, जेथे यंत्र नादुरुस्त झाले तरी हंगाम बुडत नाही असे एखादे शेत हवेसे वाटते, यात आश्चर्य ते काय? आपल्या मुलाबाळांना सुखाची स्वप्ने पडावीत अशी इच्छा आपण करतो. श्रमणाऱ्या माणसालाही जागेपणी एखादे निरुपद्रवी स्वप्न पाहण्याचा अधिकार आहे.

आणि हे स्वप्न निर्माण करणाऱ्या माणसाची कहाणी तर आणखी काही शिकवून जाते. एरिक बरोन यांनी आपला खेळ एकट्याने रचला. त्यातील चित्रे त्यांनी काढली, संगीत त्यांनी दिले, संवाद त्यांनी लिहिले आणि संगणकाच्या सूचनाही त्यांनीच तयार केल्या. या कामी त्यांना सुमारे साडेचार वर्षे लागली. मनासारखे न उतरलेले चित्र ते पुन्हा पुन्हा नव्याने काढीत. या काळात त्यांनी एका नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे अर्धवेळ काम केले. घराचा पुष्कळसा भार त्यांच्या जोडीदारणीने उचलला. एवढे करून तो खेळ कोणी विकत घेईल की नाही, हे सांगणारी दूरचित्रवाणी त्यांच्या घरी नव्हती. त्यांच्या मेहनतीचा भाव आधी ठरलेला नव्हता. ज्या शेतात चार दिवसांनी हमखास पीक येते ते शेत घडवण्यासाठी त्यांना स्वतःला, खऱ्या शेतकऱ्याप्रमाणे, वर्षानुवर्षे फळाची खात्री नसता पेरीत राहावे लागले.

जगातील मोलाची कामे बहुधा याच रीतीने होत असतात. आंब्याची कोय लावणारा आजोबा, नव्या औषधाच्या शोधात असलेला संशोधक, पावसाची वाट पाहत तिफण हाकणारा शेतकरी, यांपैकी कोणालाही फळाची तारीख दिनदर्शिकेत सापडत नाही. खेळाचे शेत आपल्याला काही घटका अशा जगात नेते, जेथे कष्ट आणि फळ यांची ताटातूट होत नाही. तेथे लाभणारी शांती खोटी नाही. ती आपल्याला हेही सांगते की, राबणाऱ्याला त्याच्या श्रमाचे फळ मिळावे ही मनुष्याच्या मनातील किती जुनी आणि किती खोल भूक आहे. ही भूक ज्याने पडद्यासमोर बसून ओळखली, त्याने ताटातील भाकरीकडे पाहतानाही ती विसरू नये. खात्री असताना पेरणे सुखाचे असते. खात्री नसताना जो पेरतो, त्याच्या धैर्यावर जगाचे पोट भरते.

अभ्यास

(१) प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा :
(अ) 'बोकुजो मोनोगातारी' या नावाचा अर्थ काय?
(आ) 'स्टारड्यू व्हॅली' या खेळातील एक ऋतू किती दिवसांचा असतो?
(इ) मारी आंत्वानेत हिच्यासाठी खेडे कोठे उभारण्यात आले?

(२) कारणे द्या :
(अ) यासुहिरो वादा यांना लढाई नसलेला खेळ रचावासा वाटला.
(आ) 'फार्मव्हिल' या खेळात माणसांना पुरता विसावा मिळेना.
(इ) काही शेतकरीदेखील रात्री शेतीचा खेळ खेळतात.

(३) थोडक्यात उत्तरे लिहा :
(अ) 'या खेळात कष्टाला न्याय मिळतो,' हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
(आ) पडद्यावरील शेत आणि खरे शेत यांतील भेद आठ-दहा ओळींत सांगा.
(इ) एरिक बरोन यांची तुलना खऱ्या शेतकऱ्याशी का केली आहे?

(४) पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा :
कपाळावरील आठ्या मावळणे, वेठीस धरणे, गगनाला भिडणे, झोप उडणे, बिऱ्हाड थाटणे.

(५) 'विसाव्याच्या ओसरीवर थोडा वेळ टेकावे. तेथेच बिऱ्हाड थाटू नये.' या वाक्याचे मर्म आपल्या शब्दांत सांगा.

(६) उपक्रम : आपल्या घरातील किंवा परिचयातील एखाद्या शेतकऱ्याला भेटा. एका पिकासाठी बियाणे, खत व मजुरी यांवर किती खर्च झाला, पीक येण्यास किती दिवस लागले आणि शेवटी काय भाव मिळाला, हे विचारून वहीत टिपून ठेवा. ती माहिती वर्गात वाचून दाखवा.